घारीचा घास

९ नोव्हेंबर

चिमणे,

फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत भांडायला लागतो आणि इकडे आप्पा टीव्हीचा आवाज कमी करून कान टवकारतात, म्हणून हे पत्र. पत्रात तरी तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. आधी सगळं वाच, मग काय ती तणतण कर.

बातमी तशी काही नाही. आपलं दुकान ज्या मोबाईलवाल्याला भाड्याने दिलंय, त्याने आप्पांचं घड्याळांचं काचेचं कपाट उचलून बाहेर फुटपाथवर ठेवलं. त्यावरून खडाजंगी झाली. कपाट आता आपल्या जिन्यात आहे आणि येताजाता माझा गुडघा त्याच्यावर आपटतो.

पण एक गंमत सांगायची आहे. गच्चीवर एक घार यायला लागली आहे. आप्पांनी खुर्ची वर नेऊन ठेवली आहे. दुपारचं जेवण झालं की वाटीत मटणाचे तुकडे घेऊन हळूहळू जिना चढतात, कठड्यावर हात पसरतात आणि तळहातावर तुकडा ठेवून बसून राहतात. आधी ती पाण्याच्या टाकीवरून नुसती बघायची. आता येते, कठड्यावर टेकते आणि चक्क हातातून उचलते! मला धडकीच भरते. आप्पा मात्र हलत नाहीत. घड्याळ उघडताना श्वास रोखून बसायचे ना, तसे बसतात.

"मेलेलं खाणाऱ्यांची चित्रं काढण्यापेक्षा बंद पडलेली घड्याळं चालू कर," असं म्हणून ज्या माणसाने तुझ्याशी बोलणं टाकलं, तो माणूस घारीला भरवतोय. काय म्हणावं आता!

तर म्हटलं, तुझ्या कामाची आहे का बघ. संग्रहालयासाठी गिधाड, ससाणा, घुबड सगळ्यांची तोंडं रंगवून होत आली आणि घार तेवढी राहिली आहे, असं तू मागे फोनवर म्हणाली होतीस. इथे आयती समोर बसलेली मिळेल. चार दिवस ये. तुझी खोली झाडून ठेवते.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

हातातून? नक्की? घार झडप घालते आणि उडून जाते, बसून घेत नाही. कुणाकडे पाळलेली असेल का ती? पायाला दोरीचा वण आहे का बघ. डोळा कसा आहे? काळा दिसतो, पण उन्हात तो तपकिरी असतो, कडक चहासारखा. चोचीच्या मुळाशी पिवळसर कातडी असते, ती किती पिवळी आहे? शेपटीचं एखादं पीस तुटलंय का?

तू म्हणतेस ये. अगं, कशी येऊ? इथल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात एक गिधाड आलंय. तारेत अडकून पंख गेलाय, वय झालंय, आपणहून काही खात नाही, नळीने भरवावं लागतं. आम्ही त्याला म्हातारा म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, आज आहे तर उद्या नाही. माझं काम तुला माहीत आहे, मी आधी डोळा रंगवते, मग बाकीचा पक्षी. आणि डोळ्याचा रंग जीव गेल्यावर तासाभरात उतरतो. मेलेल्यावरून केलेलं चित्र दुरून ओळखू येतं मला. म्हणून रोज सकाळपासून त्याच्या पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसते. कपड्यांना असा वास मारतो की बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. तेवढाच फायदा.

तू एक कर. तू शाळेत नकाशे किती सुरेख काढायचीस, मास्तर वर्गात फिरवायचे. त्या हाताने घार काढून पाठव. पेन्सिलने, जशी दिसेल तशी. बाकीचं माझं मी बघते. इथे दवाखान्यातही एक घार आहे, पण पिंजऱ्यातली घार माणसाकडे बघतच नाही.

आप्पांनी माझं नाव काढलं का? नसेलच काढलं. ये म्हणाले असते तर आले असते.

चिमणी


२८ नोव्हेंबर

चिमणे,

सोबत तीन चित्रं आहेत. हसायचं नाही. पहिल्यात घार कोंबडीसारखी झाली आहे ते मलाही दिसतंय. आप्पांना दाखवलं तर चष्मा पुसून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "माझं नख बरोबर काढलंयस." उजव्या अंगठ्याचं ते नख, घड्याळाचं झाकण उघडायला वाढवलेलं. अजून तसंच ठेवलंय. घड्याळं गेली, नख राहिलं. मी चिडवलं की तुमच्या आणि घारीच्या नखांत काही फरक नाही. तर हसले चक्क.

दोरीचा वण वगैरे काही नाही. डोळा तू म्हणतेस तसाच, चहासारखा. डाव्या बाजूचं शेपटीतलं एक पीस अर्धं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय म्हणते ती घारीबद्दल?" मी वाचून दाखवलं, म्हाताऱ्या गिधाडाचंही. मग विचारलं, "म्हणजे नाही येत?" म्हटलं, काम संपलं की येईल. "बरं," म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

जिना चढताना आता दोनदा थांबतात. मी म्हणते, नका जाऊ रोज. ऐकतील तर ते आप्पा कसले? हातातून परवा दोनदा तुकडा खाली पडला. घार कठड्यावर बसून वाट बघत होती, गंमत वाटली.

लवकर ये.

ताई


८ डिसेंबर

ताई,

अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस! तिसऱ्या चित्रातलं मानेचं वळण बघून मी उठून उभी राहिले. डोकं खाली आणि नजर वर, हीच घार. पिंजऱ्यातली कधीच अशी बघणार नाही. कशाकडे बघतेय ती एवढं टक लावून? असो. भिंतीवर टाचून ठेवलंय.

फक्त एक. दर चित्रात तू आप्पांचा हात का काढतेस? निम्मा कागद हातानेच खाल्लाय. शिवाय ते नख असं रंगवलंयस की हात कुठला आणि पंजा कुठला, कळत नाही. मला पक्षी तेवढा हवा. संग्रहालयाची अटच आहे, मागे कोरी पार्श्वभूमी, बाकी काही नाही. मी हाताचे भाग कात्रीने कापून काढले, नाहीतर नजर सारखी तिकडे जाते. पुढच्या वेळी सगळा कागद घारीला दे. विशेषतः चोच मिटलेली असताना समोरून हवी आहे.

आप्पांना घारीत रस वाटायला लागला, हे वाचून हसू आलं. माझं कसं चाललंय ते नाही, घारीबद्दल काय म्हणते ते विचारतात. लेकीपेक्षा घार बरी.

म्हातारा अजून तग धरून आहे. काल मी त्याला चिमट्याने घास दिला तर मान फिरवली. मग मी नुसती शेजारी बसून राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणूस शेजारी असलं की त्यांनाही बरं वाटतं. मला ते पटलं.

चिमणी


२० डिसेंबर

चिमणे,

तुझं पत्र वाचताना "म्हातारा अजून तग धरून आहे" इथे मी दचकले. कोणता म्हातारा ते दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

हात काढू नकोस म्हणतेस. मग घार कशावर काढू, हवेवर? हात आहे म्हणून ती बसते बाई. ती टक लावून बघते ते हाताकडेच बघते. मी समोर दिसेल ते काढते, कापायचं तर तू काप. चित्रकार तू, मी आपली नकाशे गिरवणारी.

या खेपेला दोन पाठवते आहे. समोरून हवी होती तशी. यात खाली दोन हात दिसतील. आप्पांचा हात आता फार वेळ वर राहत नाही, थरथरतो, म्हणून मी खालून धरते. दुसऱ्या हाताने चित्र काढते. त्यामुळे रेघ थोडी हलली आहे, सांभाळून घे. नख मी कापलं. झोपेत स्वतःलाच ओरबाडायचे. कापताना नुसते बघत होते.

डॉक्टर येऊन गेले. वय झालंय म्हणाले. गोळ्या दिल्या आहेत. जेवण कमी झालंय. सूप घेतात.

गच्चीवर मात्र जायचंच असतं. समोरच्या घरचा ड्रायव्हर चांगला आहे, तो आणि मी मिळून वर नेतो. काल वारा होता, म्हटलं आज राहू द्या. तर म्हणाले, "सवय मोडली तर येणार नाही." मी म्हटलं, घार कुठे जातेय? तर वाटी मागून घेतली.

तुला सगळं उलगडून सांगायची मला परवानगी नाही. पण तू एवढी बारीक नजरेची, पिसातलं पीस मोजणारी. बघ जरा नीट.

ताई


२ जानेवारी

ताई,

आनंदाची बातमी, एक नाही, दोन!

घार झाली. तुझ्या समोरच्या चित्रावरून डोळा एका बैठकीत उतरला. संग्रहालयाचे साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, बाकी सगळे पक्षी आपल्याकडे बघतात, ही कुणाची तरी वाट बघते. मी म्हटलं, मटणाची! खूप हसले. मालिकेत घार सगळ्यात पुढे लावणार आहेत. हे श्रेय अर्धं तुझं. माझ्या नावाखाली बारीक अक्षरात तुझं घालता येईल का, विचारते.

आणि दुसरी, म्हातारा खायला लागला! सगळ्यांनी आशा सोडली होती. काल आपणहून पुढे आला आणि माझ्या चिमट्यातून तुकडा घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू बसलीस म्हणून जगला. ताई, मी रडले गं. एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा आता चित्रं पाठवू नकोस. आप्पांनाही सांग, माझं काम झालंय, आता रोज मटण वाया घालवायची आणि जिना चढायची गरज नाही. या वयात कशाला तो त्रास? त्यांच्यामुळे घार मिळाली, एवढं माझ्या वतीने सांग. त्यांना आवडलं नाही तरी सांग.

प्रदर्शनाचं उद्घाटन फेब्रुवारीत आहे. ते उरकलं की येते, नक्की. गोळ्या वेळेवर देत जा. रेघ हलल्याचं काही नाही, मी सरळ करून घेतली.

चिमणी


९ जानेवारी

चिमणे,

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. संपूर्ण. खुर्ची खाली आणली आहे.

तू फोन उचलत नाहीस. पिंजऱ्याजवळ फोन बंद ठेवावा लागतो म्हणतेस, पण संध्याकाळी तरी बघ. पत्र पोचेपर्यंत काय असेल सांगता येत नाही. मिळेल त्या गाडीने निघ.

ताई


२९ जानेवारी

ताई,

परत येऊन दोन दिवस झाले. खोलीचं कुलूप उघडलं तर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास आला आणि पहिल्यांदाच मी सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या.

मी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. तरी मी वेड्यासारखी जिन्यातल्या कपाटाशी थांबून काचेवरची धूळ पुसत बसले. तू वरून बघत होतीस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू चहा दिलास, टॉवेल दिलास, माझी खोली खरंच झाडून ठेवलेली होती. त्या झाडलेल्या खोलीत मला झोप कशी लागेल?

तू झोपली होतीस तेव्हा दुपारी मी गच्चीवर गेले. फ्रीजरमध्ये आप्पांच्या वाटीत जुने गोठलेले तुकडे होते, ते घेऊन गेले. आप्पांसारखा हात पसरून बसले. घार टाकीवर होती. बघत होती. शेपटीतलं ते अर्धं पीसही दिसलं. हात आखडला तरी आली नाही. एवढे पक्षी पाहिले मी, पण कुणी मला असं नाकारलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते टाळत होते. स्टँडवर गाडी सुटताना तू म्हणालीस, "ती चित्रं तेवढी परत पाठव. त्यांचा फोटो एक तो दुकानाच्या परवान्यावरचा, तरुणपणीचा. बाकी कुठल्याही फोटोत तोंड फिरवलेलं. शेवटचं असं माझ्याकडे तेच आहे." मी मान हलवली.

ताई, चित्रं नाहीत. म्हणजे घारी आहेत. पाचही घारी भिंतीवर आहेत, कडा सरळ कापलेल्या. हात नाहीत. आल्याबरोबर कचऱ्याची टोपली उपडी केली, पुठ्ठ्यांच्या मागे बघितलं, झाडूवालीला विचारलं. ती म्हणाली, बाई, कागद तर केव्हाच गेले. ज्यावर नख होतं, ज्यावर नख कापलेलं होतं, ज्यावर तुझा हात खाली होता, सगळं मी माझ्या हाताने कापलं. तू मला त्यांची सगळी तब्येत काढून पाठवत होतीस आणि मी म्हणत होते, निम्मा कागद हाताने खाल्लाय.

मी बारीक नजरेची नाही. मला फक्त चोच दिसते.

आता आठवून काढायला बसले तर हात येत नाही. गिधाडाचा पाय डोळे मिटून काढेन, पण ज्या हाताला धरून शाळेत गेले तो येत नाही. तू मला काय वाटेल ते बोल. फक्त गप्प राहू नकोस.

चिमणी


११ फेब्रुवारी

चिमणे,

गप्प राहणार होते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते कपाटात टाकून वर किल्ली फिरवली. म्हटलं, बसू दे हिला वाट बघत, कळेल. मग वाट बघत बसणं कसं असतं ते मी या घरात तीन महिने बघितलंय हे आठवलं. ते मी वैऱ्यावरही आणणार नाही, तू तर सख्खी बहीण.

आता परवानगी देणारा कुणी नाही, तेव्हा सांगते. रडायचं ते रडून घे, पण शेवटपर्यंत वाच.

मागे तू फोनवर म्हणाली होतीस ना, सगळे पक्षी झाले, घार राहिली? आप्पांनी टीव्ही बारीक करून ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडले आणि मटण घेऊन आले. मी विचारलं, पाहुणे कोण येणार? म्हणाले, "बघू, कोण येतं." खुर्ची त्यांनीच वर नेली, एकेक पायरी टेकवत. कितीतरी दिवस घार फिरकलीसुद्धा नाही. कावळ्यांची मजा झाली. हातावर एकदा कावळ्याने चोच मारली, पट्टी बांधून पुन्हा बसले. शेवटी ती आली, तेव्हा खाली येऊन मला म्हणाले, "लिही तिला. घार आहे म्हणून लिही. माझं नाव काढू नकोस. घारीसाठी येऊ दे, आल्यावर बघू."

त्यांना पक्षीबिक्षी काही आवडायला लागला नव्हता गं. वास सहन व्हायचा नाही, वर जाताना नाकाला रुमाल लावायचे. घारीला नव्हते ते भरवत. तुला बोलावत होते. तोंडाने बोलवायचं जमलं नाही, तर हाताने. आडमुठेपणात बाप काय, लेक काय, एका माळेचे मणी. आणि मध्ये मी, शपथेला बांधलेली गाढवीण. तुला एकदा तरी सरळ लिहायला हवं होतं मी. नाही लिहिलं. तेही माझ्याजवळ राहील.

तुझं ते दोन जानेवारीचं पत्र. मी "मटण वाया" एवढं गाळून वाचणार होते. पण माझं थांबणं त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, "नीट वाच." वाचलं. ऐकून म्हणाले, "झालं का तिचं काम? बरं झालं." मग म्हणाले, "खुर्ची आण खाली, पावसात भिजेल." पावसाचे दिवसही नव्हते. त्यानंतर सूपही नको म्हणायला लागले.

आणि ते गिधाड जगलं, त्याचा राग मी खूप केला. मनातल्या मनात त्या मुक्या जिवाला नको ते बोलले. आता नाही करत. तू शेजारी बसलीस म्हणून जगलं, हे खरंच असणार. म्हणूनच तर जास्त लागतं.

सोबत एक कागद आहे. आप्पांचा हात. मला आठवावा लागत नाही, तो माझ्या हाताला पाठ झालाय. नख आहे, कावळ्याची खूणही आहे. घार काढलेली नाही. कागद कडेपर्यंत भरलाय, कापायला जागा ठेवली नाही. हा तुझ्याकडे राहू दे, माझ्यासाठी मी दुसरा काढला आहे.

घार अजून येते. खुर्ची खाली आणल्यापासून मी काही ठेवलं नव्हतं. ती टाकीवर बसून खुर्चीच्या जागेकडे बघायची आणि मला घरात करमेना. काल मटण आणलं. ड्रायव्हरने खुर्ची वर नेऊन दिली. हात पसरून बसले, भीती वाटते अजून. आली नाही. आज पुन्हा बसणार आहे.

पण मी आप्पांसारखं घारीच्या आडून बोलणार नाही. घर मोठं आहे, जिना अंधारा आहे आणि संध्याकाळी मला एकटीला भीती वाटते. मी बोलावते आहे. ये.

ताई